यण्णीमज्जन, उटणे आणि त्वचेची समता : सोलापूर परिसरातील अभ्यंगपरंपरेचा एक विचार

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा पहिला मोठा विधी 'यण्णीमज्जन' या नावाने ओळखला जातो. साधारणतः १३ जानेवारीस नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि शहराच्या परिसरातील अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक केला जातो. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. म्हणजे सिद्धरामाच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह लागतो. 'यण्णी' म्हणजे कानडी 'एण्णे', तेल; आणि मज्जन म्हणजे स्नान. मराठी भाषिक भक्त हा शब्द शतकानुशतके उच्चारीत आला आहे, तथापि त्याचा अर्थ केवळ 'तेलाची आंघोळ' एवढाच आहे हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. विवाहापूर्वी वधूवरांस तेल लावण्याचा, तेलवणाचा, जो लौकिक क्रम आहे तोच येथे देवाच्या बाबतीत पाळला गेला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

तेल आणि स्नान यांची ही जोडी प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्वचेची निगा हा विषय इतिहासाच्या अभ्यासकास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. राजवंशावळी, लढाया आणि महसुलाच्या नोंदी यांपुढे उटण्याची वाटी ती काय! परंतु ज्या कृती समाजातील बहुतेक माणसे आयुष्यभर करीत आली, त्यांचा इतिहास लिहिला न गेल्यामुळे एक चमत्कारिक स्थिती उत्पन्न झाली आहे. आज बाजारात 'प्राचीन', 'आयुर्वेदोक्त' असे छाप मारून जे विकले जाते, त्याची परीक्षा करण्याचे साधन सुशिक्षितांपाशीही उरलेले नाही. जुन्या ग्रंथांत नेमके काय सांगितले आहे, लोक प्रत्यक्षात काय करीत होते आणि आज त्यातले काय ग्राह्य ठरते, हे तीन प्रश्न वेगळे आहेत. त्यांची गल्लत हीच या क्षेत्रातील मुख्य अडचण होय.

ज्या स्थितीस आज 'मिश्र त्वचा' म्हणतात ती बहुतेकांच्या परिचयाची आहे. कपाळ, नाक आणि हनुवटी तेलकट असतात, तर गाल कोरडे, प्रसंगी ताणल्यासारखे वाटतात. याचे शारीर कारण साधे आहे. तेल स्रवणाऱ्या ग्रंथी सर्वत्र सारख्या नसतात. कपाळ व नाक या भागांत त्यांची दाटी दर चौरस सेंटिमीटरला शेकड्यांनी असते, हातापायांवर ती फारच विरळ, आणि तळहात व तळपाय यांवर त्या मुळीच नसतात. कोरडी, तेलकट, मिश्र अशा वर्गवारीच्या प्रसाराचे श्रेय सामान्यतः विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवसायास, विशेषतः हेलेना रुबिनस्टाइन या उद्योजिकेस देण्यात येते. म्हणजे वर्गवारी दुकानातून आली. वस्तुस्थिती मात्र दुकानाच्या फार पूर्वीची आहे, आणि आपल्या वैद्यकाने तिच्याकडे आपल्या पद्धतीने पाहिले होते.

वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायात प्रकृतींचा विचार करताना तीन दोष सम असलेली प्रकृती श्रेष्ठ आणि दोन दोषांच्या संयोगाने बनलेली प्रकृती निंद्य ठरविली आहे. निंद्य म्हणजे पापी नव्हे, सांभाळण्यास अवघड. कारण उघड आहे. वात रूक्ष, कफ स्निग्ध. एकाला जे पथ्य तेच दुसऱ्याला अपथ्य. सुश्रुताने तरुणांच्या मुखावर येणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्यांचे वर्णन 'मुखदूषिका' या नावाने केले आहे आणि त्यांच्या मुळाशी कफ, वात व रक्त यांचा संयोग सांगितला आहे. रूक्ष आणि स्निग्ध या परस्परविरोधी गुणांचा एकाच मुखावर वावर असू शकतो, ही कल्पना येथे स्पष्ट आहे. यावरून सुश्रुतास 'मिश्र त्वचा' ठाऊक होती असे विधान करणे मात्र धाडसाचे होईल. मुखाचे कोणते भाग तेलकट आणि कोणते कोरडे, असा विभागशः विचार त्याने केलेला नाही.

या ग्रंथांचे खरे महत्त्व निदानात नसून उपचाराच्या क्रमात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. दिनचर्येत अभ्यंग नित्य सांगितला आहे, परंतु सर्वांगी सारखा नाही. डोके, कान आणि पाय यांवर तो विशेषेकरून करावा असे वाग्भट म्हणतो. कफ वाढलेल्यास, अजीर्ण झालेल्यास तो वर्ज्य आहे. अभ्यंगानंतर व्यायाम आणि त्यानंतर उद्वर्तन, म्हणजे कोरडे चूर्ण किंवा लेप अंगास चोळणे. हे उद्वर्तन कफ दूर करते, मेद विरघळविते, अवयवांस स्थैर्य देते आणि त्वचा प्रसन्न करते. नंतर स्नान, त्यातही गरम पाणी मानेखाली हितकर, मस्तकावर ते केसांस व डोळ्यांस अपायकारक. चरकाने तेलाची तीन उदाहरणे दिली आहेत : तेल पाजलेला घडा, तेल चोळलेले कातडे आणि वंगण दिलेला गाडीचा आस. तिन्ही उदाहरणे कारागिराच्या घरची आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मराठीतील 'उटणे' हा शब्द याच 'उद्वर्तन' शब्दापासून प्राकृतातून आला. मूळ अर्थाने उटणे म्हणजे दिवाळीचे सुगंधी चूर्ण नव्हे. तेलानंतरची, जास्तीचे तेल टिपून घेणारी पायरी म्हणजे उटणे. तेल आधी, उटणे नंतर; पहिल्याने जे दिले त्यातले नको तेवढे दुसऱ्याने काढून घ्यायचे, पण सगळे नाही. त्वचा निःशेष कोरडी करणे हे या विधीचे उद्दिष्ट कधीच नव्हते.

मुखलेपाचे नियम तर याहूनही नाजूक आहेत. वाग्भटाने ते सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात दिले आहेत. लेप तीन प्रकारचे : दोष घालविणारा, विष घालविणारा आणि वर्ण उजळणारा. त्यांची जाडी अनुक्रमे पाव, तिसरा भाग आणि अर्धा अंगुळ. वात व कफ यांत लेप उष्ण असावा, इतरत्र थंड. सहा ऋतूंसाठी सहा योग वेगळे दिले आहेत. परंतु सर्वांत उल्लेखनीय नियम असा की लेप ओला आहे तोवरच मुखावर ठेवावा; वाळला की तो कांती बिघडवितो. यास्तव तो पुन्हा भिजवून काढावा आणि मग मुखास तेल लावावे. मुलतानी मातीचा लेप तोंडावर तडकेपर्यंत वाळवून नंतर खरवडून काढणे हाच ज्यांना 'पारंपरिक उपाय' वाटतो, त्यांनी हा अध्याय एकदा तरी उघडून पाहावा.

आता ग्रंथांतून प्रत्यक्ष प्रदेशाकडे वळू. सोलापूरच्या पूर्वेस असलेले कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी. सोलापूर, मंगळवेढे, पंढरपूर हा सर्व टापू त्यांच्या सत्तेखाली होता. या घराण्यातील तिसरा सोमेश्वर, ज्याची कारकीर्द इ. स. ११२६ ते ११३८ अशी मानली जाते, त्याने शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमारास 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा ग्रंथ रचला. शंभर अध्यायांच्या या ग्रंथाच्या तिसऱ्या विंशतीत राजाचे उपभोग वर्णिले आहेत. त्यांत स्नानभोग आणि विलेपनभोग स्वतंत्र आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत श्रीगोंदेकर यांनी संपादिलेला हा ग्रंथ १९२५, १९३९ आणि १९६१ असा तीन खंडांत प्रसिद्ध झाला आहे. सोमेश्वराच्या स्नानभोगात तोच क्रम दिसतो. फुलांनी सुवासित केलेले तिळाचे तेल, अंगमर्दन, तेल काढण्यासाठी लेपाचे उद्वर्तन आणि नंतर ऊन पाण्याचे स्नान. विलेपनही ऋतुमानाप्रमाणे बदलते. उष्णकाळी चंदनासारखी शीतल द्रव्ये, थंडीत कस्तुरी-केशरासारखी उष्ण.

हे सर्व राजाचे वैभव झाले. शेजारच्याच काळातील मराठी पुरावा शोधू गेल्यास तो तेराव्या शतकाच्या अखेरच्या लीळाचरित्रात सापडतो. तेथे 'मर्दना' आणि 'मादणे' हे शब्द नित्याच्या व्यवहाराचे म्हणून येतात. 'मादणे' म्हणजे स्नान. राजवाड्याबाहेरही तेल व स्नान ही जोडी परिचित होती, एवढा निष्कर्ष यावरून निश्चित काढता येतो.

मात्र सामान्य गृहस्थ रोज अभ्यंग करीत होता काय? या प्रश्नाचे उत्तर देणारा ग्रंथ याच जिल्ह्यात लिहिला गेला. पंढरपूरचे काशीनाथशास्त्री उपाध्याय, बाबा पाध्ये, यांनी शके १७१२ (इ. स. १७९०) मध्ये धर्मसिंधु पूर्ण केला. वैद्यकग्रंथांतील नित्य अभ्यंग येथे पंचांगाच्या चौकटीत बसविलेला दिसतो. वर्षप्रतिपदा, नरकचतुर्दशी आणि बलिप्रतिपदा या दिवशी तैलाभ्यंग आवश्यक. उलट काही तिथी व वार निषिद्ध. मकरसंक्रांतीस तिळाचे उटणे व तिळमिश्रित पाण्याचे स्नान. निषिद्ध वारी तेल लावणे भाग पडले तर तेलात फूल किंवा दूर्वा टाकून दोष परिहरण्याची सोयही धर्मशास्त्राने ठेवली आहे. अशी पळवाट काढावी लागते, याचाच अर्थ लोक निषिद्ध वारीही तेल लावीत होते! शास्त्रातील अपवाद हा पुष्कळदा व्यवहाराचा साक्षीदार असतो.

पंढरपुरातच आणखी एक जिवंत पुरावा आहे. गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत, उन्हाळ्याच्या ऐन तापात, विठ्ठल-रुक्मिणींस चंदनउटी लावली जाते. सोमेश्वराचे ऋतुविलेपन येथे देवाच्या उपचारांत टिकून राहिले आहे. याच मूर्तीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षांचे दूध-दह्यामधाचे अभिषेक आणि पायांवरील अगणित भक्तांचा स्पर्श यांनी पाषाणाची झीज झाली, आणि २०२० साली पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांकरवी मूर्तीस संरक्षक लेप देण्यात आला. नित्य घासणे-धुणे दगडालाही सोसत नाही.

अभ्यंगास तेल कोणते वापरावे या प्रश्नापाशी ग्रंथ आणि भूमी यांची गाठ तुटते. चरकाने हितकर पदार्थांच्या यादीत स्थावर स्नेहांमध्ये तिळाचे तेल सर्वश्रेष्ठ मानले आहे. आणि त्याच अध्यायात अहितकर पदार्थांच्या यादीत सर्वांत हीन ठरविले आहे ते कुसुंभाचे, म्हणजे करडईचे तेल. सोलापूर जिल्हा तर करडईचा! रब्बीच्या ज्वारीत करडईची पाटे घालावीत, शेताच्या कडेने तिची काटेरी रांग लावावी म्हणजे गुरे आत शिरत नाहीत, ही येथील शेतकऱ्याची जुनी रीत. १८८४ च्या सोलापूर गॅझेटियरमध्ये करडईची नोंद जिल्ह्याच्या पिकांत आहे, आणि स्वातंत्र्योत्तर काळात करडईच्या संशोधनाचे एक प्रमुख केंद्र सोलापुरातच उभे राहिले. 'भीमा' हा वाण तेथलाच. खोबरेल कोकणातून येणार. तिळाचे तेल महाग. मग घाण्यावरून घरी आलेले जे तेल भाकरीबरोबरच्या चटणीवर पडे, तेच डोक्यावर आणि अंगावरही जात असणार, असे अनुमान करणे भाग आहे. चरकाच्या दृष्टीने हा उघड अपराध होता.

आधुनिक रसायनशास्त्राने या वादात अनपेक्षित साक्ष दिली. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये दाखवून दिले की आहारातून स्निग्धांश पूर्णपणे वगळलेल्या उंदरांची त्वचा खवल्यांसारखी होते. त्यातूनच लिनोलिक आम्लासारख्या आवश्यक मेदाम्लांची कल्पना पुढे आली. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर पाणी आत धरून ठेवतो तो पेशींमधील स्निग्ध द्रव्यांच्या जोरावर, आणि त्या द्रव्यांच्या घडणीत लिनोलिक आम्लास विशेष स्थान आहे. करडईच्या प्रचलित वाणांच्या तेलात या आम्लाचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश असते; तिळाच्या तेलात ते त्याहून पुष्कळ कमी. सूर्यफूल व मोहरी यांच्या तेलांची तुलना करणाऱ्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रायोगिक अभ्यासात लिनोलिक आम्लाने समृद्ध असे सूर्यफुलाचे तेल त्वचेच्या थरास पोषक, तर मोहरीचे तेल अपायकारक ठरले. प्रयोग उंदरांच्या त्वचेवर होता, हे विसरता कामा नये. शिवाय चरकाचा निर्णय मुख्यतः सेवनाच्या दृष्टीने असावा, असाही बचाव शक्य आहे. तरीही कोरडवाहू शेतकऱ्याने गरिबीमुळे पत्करलेले तेल त्वचेपुरते तरी हीन नव्हते, हे मान्य करावे लागते. ग्रंथ म्हणजेच परंपरा असे समजणाऱ्या अभ्यासकांनी येथे थांबून विचार करावा.

सोलापूर हे त्रिभाषिक नगर आहे. १८७७ च्या सुमारास पहिली सूतगिरणी चालू झाली आणि तेलंगणातील पद्मशाली विणकरांची वस्ती वाढत गेली. त्यांच्या घरी विवाहात व बाळंतपणात अंगास पीठ चोळण्याचा विधी 'नलुगु' म्हणून आणि स्नानाचे पीठ 'सुन्निपिंडी' म्हणून ओळखले जाते. कानडी घरात तेलस्नान आणि अरिशिण, मराठी घरात तेलवण, हळद आणि उटणे. नावे तीन, क्रम एकच. तान्ह्या बाळास तेल चोळून, डाळीच्या पिठाने ते टिपून, ऊन पाण्याने न्हाऊ घालणारी बाई कोणत्या भाषेत बोलते यावर तिच्या हाताची रीत अवलंबून नव्हती. हे श्रम बहुशः स्त्रियांचे होते आणि म्हणूनच त्यांची दफ्तरी नोंद नाही. गॅझेटियरमध्ये जातवार चालीरीती देताना तेल व हळद यांचा उल्लेख पुनःपुन्हा येतो, परंतु चोळणाऱ्या हाताविषयी एक अक्षर नाही.

हा क्रम मोडला साबणाने. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात मीरतेस साबणाचा कारखाना निघाला आणि विलायती साबण बंदरांतून येऊ लागला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण काढला; त्यामुळे सोवळ्याच्या घरांतील मुख्य आक्षेप दूर झाला असावा. १९१६ चा म्हैसूर चंदन साबण तर चंदनउटीच्या सुगंधासह आला. साबण स्वस्त, जलद आणि गिरणीच्या भोंग्याशी जुळणारा. पाळीच्या कामगारास तेल मुरण्याची वाट पाहण्यास सवड कोठली? अंगावरील सुताची धूळ आणि यंत्राचे वंगण डाळीच्या पिठाने निघणारे नव्हते, हेही खरे. साबणास दोष देताना त्याने खरूज-नायट्यांपासून दिलेले संरक्षण विसरणे हा कृतघ्नपणा होईल.

परंतु तोंडाच्या त्वचेचा हिशेब निराळा आहे. १९२८ मध्ये शाडे आणि मार्कियोनीनी या जर्मन संशोधकांनी त्वचेवरील सौम्य आम्ल आवरणाची कल्पना मांडली. निरोगी त्वचेचा सामू पाचाच्या आसपास असतो. साबणाचा नऊ ते दहा. काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी दुष्फेन, म्हणजे क्षारयुक्त. त्यात साबण फेसाळत नाही, चुनखडीशी संयोग पावून त्याचा चिकट साका त्वचेवर बसतो, आणि तो काढण्यासाठी माणूस आणखी साबण लावतो. कपाळावरचे तेल गेले याचे समाधान व्हावे तोवर गाल ओढल्यासारखे होतात. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर आणि हवा कोरडी असलेल्या गावात याचा परिणाम काय होतो, हे येथील विद्यार्थ्यांस सांगणे नलगे. शिकेकाईतील फेनद्रव्य आणि डाळीचे पीठ या दोहोंवर दुष्फेन पाण्याचा तसा परिणाम होत नाही. पूर्वीच्यांनी हे रसायन जाणून ती द्रव्ये निवडली असे नव्हे. हाताशी होती म्हणून निवडली आणि निभावली म्हणून टिकविली.

आजचे त्वचारोगतज्ज्ञ मिश्र त्वचेसाठी जी चर्या सांगतात ती पाहिली म्हणजे जुन्या क्रमाशी तिचे साम्य व अंतर दोन्ही दिसतात. कोमट पाणी; दिवसातून दोनदाहून अधिक नाही इतके धुणे; साबणाऐवजी सौम्य, अल्पसामू प्रक्षालक; नंतर त्वचा ओलसर असतानाच हलके स्निग्ध द्रव्य, गालांवर अधिक, कपाळ-नाकावर अल्प; आणि दिवसा उन्हापासून संरक्षण. खरखरीत चूर्णाने घासणे वर्ज्य. धुतल्यानंतर स्नेह, हा वाग्भटाच्या मुखलेपाचा शेवट येथे जसाच्या तसा आला आहे. भागाभागांस वेगळी मात्रा, हे त्याच्या डोके-कान-पायांच्या भेदाशी जुळते. परंतु अंतरही मोठे आहे. ज्या मुखावर पुटकुळ्या येतात तेथे जड तेल चोळणे आजचा वैद्य मान्य करणार नाही. स्वतः वाग्भटानेही कफाधिक्यात अभ्यंग वर्जिलाच आहे. दिवाळीच्या बाजारी उटण्यातील भरड कचोरा, नागरमोथा अंगास चालेल, गालास नव्हे. लिंबाचा रस तोंडास चोळण्याचा घरगुती सल्ला तर कोरड्या भागास जाळणारा आहे.

यण्णीमज्जनाच्या दिवशी लिंगांवर वाहिलेले तेल कोणी खरवडून काढीत नाही. पाषाणाच्या अंगी ते जेवढे मुरायचे तेवढे मुरते, उरलेले थंडीच्या वाऱ्याने आणि नंतरच्या उन्हाने ओसरते, आणि पुढल्या जानेवारीत नंदीध्वज पुन्हा त्या अडुसष्ट ठिकाणी येतात.